धूमकेतू पाहायला शिका, आपल्या वावरातूनच

सगळ्यात आधी एक सांगून देतो, धूमकेतू पळत नाही. आभाळातून सर्रकन रेघ ओढून जी गेली ती उल्का, एखाद्या सेकंदाचं काम. धूमकेतूची बातमी आली की गावात चार जण तरी सांगतात का काल रात्री पाह्यला, या टोकाहून त्या टोकाला गेला, आन मग ज्याला मनापासून पाहायचा आहे तोही पळणारंच काहीतरी शोधत बसतो आन खरा धूमकेतू तिकडे पश्चिमेला उभा राहून मावळून जातो. एका रात्रीत पाहाल तर धूमकेतू ताऱ्यांच्या सोबत उगवतो आन त्यांच्या सोबतच मावळतो. तो सरकतो, पण ते आजची जागा आन उद्याची जागा ताडून पाह्यली तरच कळते. म्हणून काम तीन आहेत, नेहमीचे तारे ओळखायचे, त्यांच्यात जो नेहमीचा नाही तो डाग शोधायचा, आन दुसऱ्या रात्री जाऊन तो सरकला का ते पाहायचं.

नेमकं काय दिसते

बर्फ, धूळ, दगड यांचा काही किलोमीटरचा गोळा, तो सूर्याजवळ आला की तापतो, बर्फाची सरळ वाफ होते, सोबत धूळ उडते आन गोळ्याभोवती हजारो, कधी लाखो किलोमीटरचं धुकट डोकं तयार होते. मूळ गोळा आपल्याला दिसत नाही, दिसते ते हे डोकं, आन धूमकेतू चांगला असला तर शेपटी. शेपट्या बहुतेक दोन राहतात, एक धुळीची, पिवळसर पांढरी, जराशी वाकलेली, दुसरी वायूची, निळसर आन सरळ, ही दुसरी डोळ्याला क्वचितच दिसते, फोटोत मात्र येते.

लोकांना वाटते शेपटी मागे मागे येते. तसं नाही, ती सूर्याच्या उलट दिशेला राहते, कारण सूर्याचा प्रकाश आन सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत सुटणाऱ्या कणांचा झोत, तिला ढकलत असतो. याचा फायदा लगेच आहे. संध्याकाळी पश्चिमेला धूमकेतू असेल तर डोकं खाली आन शेपटी वर, पहाटे पूर्वेला असेल तरी डोकं खालीच आन शेपटी वर. व्हॉट्सॲपवर फोटो आला आन त्यात शेपटी जमिनीकडे आहे तर आधी शंका घ्या. अपवाद आहे एक, ऑक्टोबर २०२४ च्या धूमकेतूला सूर्याकडे टोक केलेली बारीक उलटी शेपटी फोटोंमध्ये दिसली होती, धूमकेतूच्या कक्षेच्या पातळीत पसरलेली धूळ पृथ्वी ती पातळी ओलांडताना कडेनं दिसली की तसं होते.

आता अपेक्षा काय ठेवायची ते. मोबाईलवर दिसतात ते हिरवे-निळे लांब शेपटीचे फोटो कितीतरी मिनिटांचा उजेड साठवून काढलेले राहतात. डोळ्याला बहुतेक धूमकेतू कसा दिसतो, तर फळ्यावरचा खडूचा ठिपका बोटानं पुसला की जो राखाडी डाग उरतो तसा. बस. पहिल्यांदा पाहणारा त्याच्यावरून दोनदा नजर फिरवून पुढं जातो कारण त्याला शेपटी पाहिजे असते. डाग शोधा, शेपटी नंतर.

मोठे धूमकेतू येतातच. ज्यांचं वय चाळिशीच्या पुढं आहे त्यांना १९९७ चा हेल-बॉप आठवत असेल, मार्च-एप्रिलमध्ये सांजच्याला वायव्येकडे बिना दुर्बिणीचा, शहरातल्या उजेडातूनही दिसत होता. त्याच्या आधीच्या वर्षी ह्याकुताके आला, मार्च १९९६ मध्ये पृथ्वीपासून फक्त दीड कोटी किलोमीटरवरून गेला. जुलै २०२० चा निओवाइज मात्र ऐन पावसाळ्यात आला, आपल्या इकडच्या कितीतरी लोकांना ढगांशिवाय काही दिसलं नाही. मग २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्सुचिनशान-ॲटलस, आन २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ऐन दिवाळीत लेमन. असे नुसत्या डोळ्याचे धूमकेतू सांगून-सवरून येत नाहीत, पण साध्या दोन डोळ्यांच्या दुर्बिणीनं दिसणारा एखादा तरी बहुतेक वर्षी मिळतो, आन शिकायचं असेल तर खरं शिक्षण त्याच्यावरच होते.

पायरी पहिली, आभाळ पाठ करा

याच्यात आपण गावातली माणसं पुढं आहोत हे मी मनापासून सांगतो. रब्बीत थ्री फेज लाइन रात्रीची येते म्हणून गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी माणूस रात्रभर वावरात राहतो, रानडुकरं आन रोही येतात म्हणून जागलीला मचाणावर बसतो. एवढा वेळ आन एवढा अंधार शहरातल्या माणसाला पैसे देऊन भेटत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, सप्तर्षीच्या चार ताऱ्यांना बाज म्हणतात आन मागच्या तिघांना चोर, मृगाच्या पोटातले तीन तारे म्हणजे बाण, हे त्यांना येते, तिथूनच सुरू करा.

आधी ध्रुव शोधा. विदर्भातून तो उत्तरेला जमिनीपासून साधारण २१ अंश वर राहतो, कारण आपण साधारण तेवढ्याच अक्षांशावर आहोत. हात समोर सरळ लांब केला आन मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते, म्हणजे ध्रुव दोन मुठी वर. करंगळीची जाडी १ अंश, पूर्ण चंद्र त्याच्याही अर्धा. हे माप हाताला बसवा, पुढं सगळीकडे लागते, कारण धूमकेतूचा पत्ता "अमक्या ताऱ्यापासून दीड मूठ डावीकडे" असाच सांगावा लागतो.

मग मोठे तारे. सगळे एका महिन्यात पाठ करायची गरज नाही, ज्या ऋतूत सुरुवात केली तिथले पाच-सहा घ्या. हिवाळ्यात मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका, ब्रह्महृदय. उन्हाळ्याच्या तोंडावर मघा, चित्रा, स्वाती, आन सप्तर्षी वर चढलेले. दिवाळीच्या आसपास सांजच्याला अभिजित पश्चिमेकडे कललेला, डोक्याजवळ हंस, ईशान्येला शर्मिष्ठेचा वाकडा इंग्रजी डब्ल्यू. ग्रह वेगळे ओळखायला शिका, शुक्र आन गुरू एवढे तेज असतात की त्यांच्यावरून पत्ता सांगणं सगळ्यात सोपं.

पायरी दुसरी, धुकट डागांवर डोळा घासा

ही पायरी लोक सोडून देतात आन मग धूमकेतू समोर असून दिसत नाही. आभाळात कायमचे असे बरेच धुकट डाग आहेत जे बिनशेपटीच्या धूमकेतूसारखेच दिसतात. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये शार्ल मेसिए नावाचा माणूस धूमकेतू शोधायचा, त्याला हे डाग दरवेळी फसवायचे म्हणून त्यानं त्यांची यादीच केली, ती यादी आज ११० वस्तूंची आहे आन जगभरचे हौशी लोक अजून वापरतात. आपण तीच उलटी वापरायची, धूमकेतू नसेल तेव्हा सरावासाठी.

नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री आठ-नऊला शर्मिष्ठेवरून वर, डोक्याच्या दिशेनं दक्षिणेकडे सरकत देवयानी दीर्घिका शोधा. अंधाऱ्या गावातून ती नुसत्या डोळ्यानं लांबट पुसट डाग दिसते, २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे, डोळ्यानं सहज दिसणारी यापेक्षा लांबची वस्तू नाही. ही दिसली म्हणजे तुमचं आभाळ आन तुमचा डोळा दोन्ही धूमकेतूच्या लायकीचे आहेत असं समजा. जानेवारीत मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ. फेब्रुवारी ते एप्रिल पुष्य नक्षत्रातला पुंजका, डोळ्याला डाग आन दुर्बिणीत लावताच सुटे तारे, हा फरक नीट पाहून घ्या, कारण धूमकेतू कितीही मोठ्या दुर्बिणीत लावला तरी सुट्या ताऱ्यांत फुटत नाही. मे महिन्यात रात्री नऊ-दहाला दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी, आपल्या इकडून दोन मुठींच्या जरा वर येतो, उत्तर भारतातल्या लोकांना तो जमिनीला चिकटलेला भेटतो.

पाहताना नजर तिरपी ठेवा. डागाकडे सरळ रोखून पाह्यलं तर तो विरतो, थोडं बाजूला पाह्यलं की उठून दिसतो, कारण डोळ्याचा कडेचा भाग अंधुक उजेड जास्त पकडतो. दुर्बिणीला बोटानं हलकासा धक्का दिला तरी पुसट वस्तू एकदम जाणवते. हे वाचून येत नाही, देवयानीवर चार रात्री करा, येते.

हेल-बॉप सापडला तो याच्यामुळेच. २३ जुलै १९९५ च्या रात्री अमेरिकेत ॲलन हेल आपल्या घराजवळून आन थॉमस बॉप ॲरिझोनाच्या वाळवंटात मित्राच्या दुर्बिणीतून, दोघंही धनु राशीतला मेसिएच्या यादीतला ७० नंबरचा गुच्छ पाहत होते, आन दोघांनाही वेगवेगळं लक्षात आलं की बाजूला अजून एक डाग आहे जो इथं नसायला पाहिजे. बॉपजवळ स्वतःची दुर्बीणही नव्हती.

कधी, आन कुठून

धूमकेतू सूर्याजवळ असताना सगळ्यात तेज असतो, म्हणून चांगला धूमकेतू बहुतेक सूर्य मावळल्यावर पश्चिमेला किंवा उगवायच्या आधी पूर्वेला खालीच राहतो. आपल्या अक्षांशावर सूर्य मावळल्यावर पूर्ण अंधार पडायला सव्वा तासाच्या आसपास लागते, आन तोवर खालचा धूमकेतू मावळायला टेकतो. म्हणजे हातात वेळ थोडा, सूर्य मावळल्यानंतर पाऊण तासापासून दीड तासापर्यंत. त्याच्यात जागा शोधत फिरलात तर गेला. जागा दिवसा पाहून ठेवा.

जागा अशी पाहिजे की त्या दिशेला क्षितिजापर्यंत झाड, घर, टेकडी नसावी. धरणाची भिंत, कालव्याचा बांध चांगला. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळी आहेत, पाळीवर उभं राहून पाण्यापलीकडचं क्षितिज मोकळं मिळते. मेळघाटात चिखलदऱ्याकडे उंची आहे, हवा स्वच्छ, पण दरीच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं ते दिशेवर ठरवा. चंद्रपूर, कोराडी असे वीज केंद्राचे किंवा मोठ्या शहराचे भाग ज्या दिशेला आहेत ती दिशा उजळलेली राहते, तेव्हा शहर तुमच्या पाठीमागे पडेल असं गाव निवडा. आन पेंच तर आहेच, महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आजूबाजूच्या गावांतले रस्त्याचे दिवे खाली तोंड करून बसवले. आपल्या ग्रामपंचायतीनं चौकात हायमास्ट लावला असेल तर त्याच्यापासून वावराच्या धुऱ्यापर्यंत चालत जा, बहुतेक गावांत तेवढ्यात काम होते.

चंद्र सगळ्यात मोठा शत्रू. घरी कालनिर्णय टांगलेलंच असते, त्याच्यात संकष्टीचा चंद्रोदय पाहा. संध्याकाळचा धूमकेतू असेल तर संकष्टीपासून पुढं, अमावस्या धरून, शुक्ल द्वितीया-तृतीयेपर्यंतच्या संध्याकाळी अंधाऱ्या मिळतात. पहाटेचा असेल तर उलटं, शुक्ल पक्षात एकादशीपर्यंत चंद्र पहाटेच्या आधी मावळलेला राहतो.

महिन्यांचं म्हणाल तर पाऊस थांबल्यावर ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. फक्त ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी चालू राहते, थ्रेशरची धूळ आन नंतर कुटार जाळल्याचा धूर संध्याकाळी खालीच साचतो, त्यामुळे पश्चिमेचं खालचं एक मूठभर आभाळ खराब होते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नदी-नाल्याकाठी धुई, तेव्हा उंचावर जा. मार्च-एप्रिल ठीक, मेमध्ये धुरळा.

रात्रीची खबरदारी घ्याच, हे मी कळकळीनं सांगतो. दुसऱ्याच्या वावरात न विचारता जाऊ नका, रानडुकरांसाठी काही ठिकाणी कुंपणाला करंट सोडलेला राहतो आन त्यानं माणसं मेलेली आहेत. जाड बूट घाला, टॉर्च आन काठी ठेवा, घोणस आन मण्यार रात्रीच फिरतात, जमिनीवर चादर टाकून झोपू नका, बाज न्या. ताडोबा, ब्रह्मपुरी, गडचिरोली, मेळघाट अशा वाघ-बिबट्याच्या भागात तर घराच्या स्लॅबवरूनच पाहा, वावरातून नको. एकटं जाऊ नका, आन पोलीस पाटलाला किंवा शेजाऱ्याला सांगून ठेवा, अंधारात दुर्बीण घेऊन उभा असलेला माणूस पाहून लोकांना भलतंच वाटू शकते.

सामान

दुर्बीण घ्यायचीच असेल तर दोन डोळ्यांची, १० बाय ५० किंवा ७ बाय ५०. पहिला आकडा किती पट मोठं दिसते, दुसरा आकडा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. धूमकेतूला पट नाही, उजेड लागतो, म्हणून भिंग मोठं पाहिजे. "पाचशे पट" लिहिलेली खेळण्यातली लांबडी दुर्बीण घेऊ नका, तिच्यात आभाळाचा एवढासा तुकडा दिसते की धूमकेतू सापडणारच नाही. १० बाय ५० हातात धरली की थरथरते, बाजेवर लोटून पाहा किंवा कोपर मोटरसायकलच्या सीटवर टेकवा, एवढ्यानं दिसण्यात फार फरक पडतो.

टॉर्चला लाल जिलेटिन कागद रबरानं बांधा. डोळा अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं घेतो आन मोबाईलचा पांढरा स्क्रीन एकदा पाह्यला की परत पहिल्यापासून. एक वही, एक पेन्सिल. बस एवढंच.

आन एक नियम कधीच मोडायचा नाही, सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण पश्चिमेकडे वळवायची नाही, आन पहाटे सूर्य उगवायच्या बऱ्याच आधी ती खाली ठेवायची. दुर्बिणीतून सूर्य एक क्षण जरी डोळ्यात गेला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. पोरं सोबत असतील तर दुर्बीण तुमच्या गळ्यातच ठेवा.

कोणता धूमकेतू आलेला आहे ते कसं कळणार

फोनवर स्टेलॅरियम नावाचं आभाळाच्या नकाशाचं ॲप टाका, फुकट आहे, त्याच्यात आपलं गाव लावा, धूमकेतूचं नाव टाकून शोधा, वेळ पुढं-मागं करून पाहा. जपानचे सेइची योशिदा दर आठवड्याला कोणता धूमकेतू किती तेज आहे त्याची यादी टाकतात, ती लय कामाची. तिच्यात नावं अशी राहतात, सी/२०२३ ए३. सी म्हणजे लांबच्या फेऱ्याचा, पी असेल तर ठरावीक वर्षांनी परत येणारा, मग सापडला ते वर्ष, ए म्हणजे जानेवारीचा पहिला पंधरवडा, बी दुसरा, असं पुढं, आन शेवटी त्या पंधरवड्यातला कितवा. त्याच्यापुढं शोधणाऱ्याचं नाव, आजकाल बहुतेक मोठ्या वेधशाळांची. भारतीय माणसाचं नाव लागलेला धूमकेतूही आहे, १९४९ चा बापू-बोक-न्यूकर्क, त्यातले बापू म्हणजे आपले वेणू बापू, तेव्हा हार्वर्डला शिकत होते.

यादीत प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, लिहिलेली राहते. आकडा जेवढा लहान तेवढा तेज, अंधाऱ्या गावातून डोळ्याला सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. पण इथं लोक हमखास चुकतात, पाचव्या प्रतीचा तारा एका ठिपक्यात असतो आन पाचव्या प्रतीचा धूमकेतू तेवढाच उजेड चंद्राएवढ्या जागेत पसरून बसलेला असतो, म्हणून तो ताऱ्यापेक्षा खूपच अवघड जातो. माझा हिशोब साधा आहे: प्रत तीन किंवा कमी, तर गावातल्या सगळ्यांना बोलवा. चार-पाच, अंधारात जा आन दुर्बीण न्या. सहा ते आठ, दुर्बीण आन सराव दोन्ही पाहिजे. त्याच्या पुढचा असेल तर सुरुवातीला सोडून द्या. आन अंदाज चुकतात हे धरून चाला, २०१३ मध्ये आयसॉन धूमकेतूबद्दल केवढी आशा होती, २८ नोव्हेंबरला सूर्याजवळून जाताना तो तुटून विरून गेला.

प्रत्यक्ष शोधताना

२०२४ चं उदाहरण घेतो, कारण त्याच्यात सगळंच येते. त्सुचिनशान-ॲटलस २७ सप्टेंबरला सूर्याच्या सगळ्यात जवळ होता, तेव्हा पहाटे पूर्वेला. १२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, पृथ्वीच्या सगळ्यात जवळ, साधारण ७ कोटी किलोमीटरवर, आन तिथून पुढं सांजच्याला पश्चिमेला. दसऱ्याच्या दिवशी खूप खाली आन संधिप्रकाशात. चौदा-पंधराला तो शुक्र आन स्वाती यांच्या मधोमध आला, शुक्र शोधणं कोणालाही येते, उजवीकडे खाली नारिंगी स्वाती, दोघांच्या मधल्या पट्ट्यात दुर्बीण फिरवली की झालं. मग कोजागिरी, चांदण्यात शेपटी धुऊन निघाली. संकष्टीनंतर अंधार परत आला तेव्हा धूमकेतू बराच वर चढला होता पण तेज उतरलं होतं. म्हणजे वर चढणं, तेज उतरणं आन चंद्र, या तिघांची गाठ कोणत्या दोन-चार दिवशी चांगली बसते ते आधी काढून ठेवायचं आन त्याच दिवशी काम बाजूला ठेवून जायचं.

रीत अशी. घरीच ॲपवर जवळचा तेज तारा कोणता, त्याच्यापासून किती मुठी, कोणत्या बाजूला, हे कागदावर लिहा आन फोन खिशात टाका. जागेवर दिवस मावळायच्या आधी पोचा, सूर्य कुठं बुडाला ती खूण धरा, एखादं झाड, टॉवर, मंदिराचा कळस. अंधार झाला की तेज तारा आधी दुर्बिणीत घ्या, नजर स्पष्ट करा, तारा बारीक ठिपका दिसला पाहिजे, तो जाडा दिसत असेल तर तुम्हाला सगळेच तारे धूमकेतू वाटतील. मग मोजलेल्या बाजूला हळू सरका, आडव्या पट्ट्या घेत, एक पट्टी झाली की थोडं वर, आधीच्या पट्टीचा काही भाग परत आला पाहिजे. प्रत्येक ठिकाणी दोन श्वास थांबा. घाईत फिरवलेल्या दुर्बिणीत डाग दिसतच नाही.

डाग सापडला की वही काढा. एक गोल काढा, त्याच्यात आजूबाजूचे पाच-सहा तारे जसे त्रिकोण-चौकोन करतात तसे मांडा, मधात डाग कुठं आहे ते काढा, शेपटी वाटत असेल तर कोणत्या बाजूला तेही. तारीख, वेळ, दिशा, चंद्र होता का, आभाळ कसं. चित्र सुंदर पाहिजे असं काही नाही, ताऱ्यांची जागा बरोबर पाहिजे. दुसऱ्या रात्री त्याच वेळेला तेच तारे लावा आन परत काढा. डाग तिथंच असेल तर तो मेसिएच्या यादीतला कोणीतरी आहे. सरकला असेल तर तो धूमकेतू, आन हे तुम्ही स्वतः ठरवलं, कोणत्या बातमीवरून नाही. दोन चित्रांतला तो फरक पाहताना जे वाटते त्यासाठी ही सगळी मेहनत आहे, आन शाळेतल्या पोरांकडून तर हे करून घ्याच. किती सरकतो ते अंतरावर आहे, लांबचा असला तर रोज चंद्राएवढाही नाही, जवळून जाणारा असला तर बराच. १ फेब्रुवारी २०२३ ला हिरवट झेडटीएफ धूमकेतू पृथ्वीजवळून गेला, पाच-सहा तारखेला तो ब्रह्महृदयाजवळ होता आन दहा-अकराला मंगळाजवळ पोचला, एवढं अंतर त्यानं पाच दिवसांत कापलं.

कशाला फसायचं नाही

सूर्यास्ताच्या वेळी लांबच्या विमानाच्या मागची वाफेची रेघ उजळते, तोकडी असली की हुबेहूब शेपटीवाला धूमकेतू दिसते, पण दोन मिनिटांत जागा सोडते. एका रांगेत चाललेले दिवे म्हणजे स्टारलिंकचे उपग्रह. आन २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, विदर्भात कितीतरी लोकांनी आभाळातून जळत जाणाऱ्या रेघा पाह्यल्या, सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची मोठी कडी पडली, तज्ज्ञांनी सांगितलं की चिनी रॉकेटचे अवशेष असावेत. ते पाहणाऱ्यांना नीट सांगता यावं म्हणून ही ओळ लक्षात ठेवा: सेकंदात गेली ती उल्का, मिनिटभर तुकडे होत गेलं ते रॉकेट, रात्रभर थांबला तो धूमकेतू.

धूमकेतू दिसला की रोगराई, दुष्काळ, राजा मरते, असं घरातलं कोणी म्हणेल. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना सोबत न्या आन दुर्बीण त्यांच्या हातात द्या. हॅलेचा धूमकेतू दर ७६ वर्षांच्या आसपास येतो, १९१० ला आला, १९८६ ला आला, २०६१ ला येणार, ज्याच्या येण्याचं वर्ष आधीच सांगता येते तो कोणावर कोपून येत नाही, हे माणसाला पाहता पाहता पटते.

फोटोसाठी फोन विटेवर टेकवा, प्रो मोडमध्ये १० ते १५ सेकंद, आयएसओ १६०० च्या आसपास, तीन सेकंदांचा टायमर. डोळ्याला राखाडी असलेला डाग फोटोत हिरवा येऊ शकतो, तो कार्बनच्या जोडअणूंचा रंग आहे.

चार-पाच धूमकेतू झाले की तेज मोजायला शिका. दुर्बिणीची नजर मुद्दाम बिघडवा, जवळचा तारा फुगून धूमकेतूएवढा दिसेपर्यंत, आन दोघांत कोण जास्त उजळ ते पाहा, असे दोन तारे घ्या, एक जास्त तेज एक कमी, ॲपमधून त्यांची प्रत काढा, धूमकेतू त्यांच्या मधात कुठं बसतो ते लिहा. अशी निरीक्षणं हौशी लोकांकडून घेणारी कॉब्स नावाची जागतिक नोंदवही आहे, तिथं खातं उघडून पाठवता येतात.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर आभाळ मिळत नाही, तेव्हा कॉम्प्युटरवर बसा. सोहो नावाचं यान डिसेंबर १९९५ मध्ये सोडलं, ते सूर्याला झाकून त्याच्या आजूबाजूचे फोटो घेते, ते फोटो सगळ्यांसाठी खुले राहतात, आन त्यांच्यात आजवर ५००० हून जास्त धूमकेतू सापडले, त्यातले बहुतेक जगभरच्या साध्या हौशी लोकांनी. या फोटोंतले बहुतेक धूमकेतू एकाच ठरलेल्या वाटेनं सूर्याकडे जातात, त्या वाटा महिन्याप्रमाणे कुठं असतात त्याचे नकाशे तिथंच मिळतात. एकामागोमाग चार-पाच फोटो लावा आन जो बारीक ठिपका एकाच वेगानं, सरळ रेषेत सूर्याकडे सरकत असेल तोच धरा, बाकीचे ठिपके कॅमेऱ्यावर आदळलेल्या कणांचे असतात, एका फोटोत येतात आन पुढच्या फोटोत नसतात.